मुरमातली बाग

आमच्या बागेत आज जी झाडं उभी आहेत त्यांच्यापेक्षा जी नाहीत त्यांच्यावर माझा जास्त पैसा गेला आहे. काही मेली, काही कापावी लागली, काही दुसऱ्यांना देऊन टाकली आणि एक तर पुरात गेलं, तेही आमच्या नव्हे, बहिणीच्या अंगणात. रोग, कीड, हवामान ही कारणं मी बरीच वर्षं सांगत असे. खरं कारण एकच होतं. तीन फुटांचं रोप बघून मी झाड ठरवत होते, आणि ते जिथे लावणार त्या जमिनीकडे बघतच नव्हते.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, ही यातली आणखी लाजिरवाणी गोष्ट. दख्खनचं पठार, लाव्हाचे थर, बेसाल्ट, त्यापासून झालेली काळी माती हे सगळं फळ्यावर आकृतीसकट काढायचे. आणि घर बांधलं कोल्हापुरात, सागरमाळाच्या अंगाला. नदीकाठची खोल काळी जमीन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहिली. आमच्याकडे वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली पहार मारली की ठणकन वाजणारा दगड. २००४ मध्ये घर झालं तेव्हा उरलेली खडी, सिमेंटचा चुरा, विटांचे तुकडे ठेकेदाराने कंपाउंडच्या आत पसरले आणि मी त्यावर तांबडी माती ओतून घेतली. ती दिसायला इतकी देखणी की ही जमीन बागेचीच असं मी धरून चालले. त्या मातीबरोबर लव्हाळा फुकट आला. त्याच्या गाठी जमिनीत खोल जातात, वरून उपटला की दोरा तुटतो आणि गाठ खालीच राहते. लॉनचं स्वप्न त्याने दोन पावसाळ्यांत संपवलं. आज आमच्याकडे जे हिरवं आहे ते लॉन आहे की लव्हाळा, हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

झाडांची यादी मी ताराबाई पार्कातल्या एका बंगल्यावरून उचलली. शाळेला जाता-येता तो दिसायचा. फाटकाच्या दोन्ही बाजूंना बॉटल पाम, गोल कातरलेले फायकस, पिवळ्या ड्युरांटाचं कुंपण, भिंतीकडेने अशोकाची रांग, कोपऱ्यात गुलमोहर. तो प्लॉट निदान वीस गुंठ्यांचा असेल. आमचा तीन गुंठ्यांचा, त्यातला निम्मा घराखाली. यादी मात्र मी पूर्ण घेतली, एकही झाड न गाळता.

सासूबाईंची, म्हणजे आमच्या आत्यांची, यादी वेगळी होती. शुक्रवार पेठेतल्या वाड्याच्या परड्यात त्यांची सगळी हयात गेलेली. त्यांना पारिजातक, जास्वंद, तगर, अबोली, कोरांटी आणि कुंपणावर गोकर्ण एवढं हवं होतं. "देवाला फूल मिळंना तर बाग कशाला म्हणायची?" एवढंच त्या म्हणाल्या. मी त्यांना मागच्या बाजूला, मोरीच्या पाण्याजवळ जागा दिली. ती जागा मला टाकाऊ वाटत होती. तिथेच माती ओली राहायची आणि दुपारनंतर सावली यायची, हे कळायला मला फार वेळ लागला. आत्यांचं एकही झाड मेलं नाही. त्यांनी पैसेही खर्च केले नाहीत. पेठेतून फांद्या आणल्या आणि खोचल्या.

अशोकाची गंमत सांगायलाच हवी. मला हवा होता तो केशरी गुच्छांचा, सीतेचा अशोक. नर्सरीत मी नुसतं "अशोक" म्हटलं आणि त्यांनी उंच, लोंबत्या पानांची रोपं टेंपोत भरून दिली. त्यांची काही चूक नाही, गावभर त्यालाच अशोक म्हणतात. पण दोन्ही झाडं अगदी वेगळ्या कुळांतली. हा सीताफळाच्या कुळातला, तो बहाव्याच्या नात्यातला. याची फुलं हिरवट, चांदणीच्या आकाराची, पानांत दडलेली, कुणाच्या लक्षातही येत नाहीत. ते कळलं तेव्हा रोपं डोक्याएवढी झाली होती आणि मी वर्षभर हळहळत होते.

आज वाटतं, ती चूक माझ्या पथ्यावर पडली. सीतेचा अशोक सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलातला. लहानपणी त्याला सावली आणि ओल दोन्ही लागतात. आमच्या उघड्या माळावर एप्रिलच्या उन्हात तो महिनाभर टिकला नसता. हे उंच अशोक वाढून त्यांची सावली पडायला लागली, तेव्हा त्यांच्या उत्तरेला मी सीतेच्या अशोकाचं रोप लावलं आणि ते धरलं. उशिरा फुललं, पण फुललं ते थेट जुन्या लाकडावर, खोडाला चिकटून, आधी पिवळसर केशरी आणि मग तांबडं होत जाणारं.

या उंच अशोकांवर मी आणखी एक उपद्व्याप केला. कोवळ्या पानांना भोकं दिसली म्हणून कीटकनाशक मारलं. त्या अळ्या काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेल्या एका चपळ फुलपाखराच्या होत्या. ते आपली अंडी याच झाडाच्या पानांवर घालतं. बागेत फुलपाखरं यावीत म्हणून मी त्याच वर्षी झेंडू आणि झिनिया लावले होते. एका हाताने बोलावणं आणि दुसऱ्या हाताने फवारणी.

आता मुरमाकडे येते, कारण सगळ्यात जास्त झाडं मी तिथे मारली.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कोल्हापुरातल्या नर्सऱ्यांत गर्दी होते. आम्हीही तेव्हाच गेलो. खड्डे फूट-दीड फुटाचे, कारण त्याखाली टिकाव चालेना आणि खणणारा माणूस कंटाळला. खड्ड्यात तांबडी माती, शेणखत आणि कारखान्यावरून आणलेली उसाची मळी भरली. मळी कुजलेली नव्हती, हातात गरम लागत होती. गरम म्हणजे ताकदीची, असा माझा समज. प्रत्यक्षात ती खड्ड्यात कुजत राहिली आणि तिच्या उष्णतेने कोवळी मुळं करपली. गुलाब त्यात पहिले गेले.

बाकीची झाडं जुलैत पिवळी पडायला लागली. आपल्याकडे शहरात वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला गगनबावड्याला पडतो त्याच्यापुढे तो काहीच नाही, पण जुलैत तो थांबत नाही. दिवसच्या दिवस झिमझिम आणि जोडीला पश्चिमेचा वारा. पानं पिवळी म्हणजे खत कमी, असं मी धरलं आणि युरिया टाकला. पानं गळाली. मग अजून टाकला.

शेवटी शाळेच्या बागेत काम करणाऱ्या मामांना बोलावलं. त्यांनी एक बॉटल पाम हलवून बघितला आणि तो हातातच आला. मुळं काळी, वास गटारीचा, खड्ड्यात पाणी.

"बाई, ह्यो खड्डा न्हवं, ही बादली हाय."

त्यांनी मग शांतपणे समजावलं. मुरूम घट्ट, त्यातून पाणी सावकाश मुरतं. मी मधेच एक मऊ मातीचा खड्डा करून दिला, म्हणजे आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच गोळा होणार. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभं राहून झाड सुकतं. वर मी युरियाने उरलेली मुळं भाजली. आणि उन्हाळ्यात याच्या अगदी उलट होतं. मऊ माती वाळून आकसते, मुरमापासून सुटते, मुळं बाहेर जात नाहीत, त्या दीड फुटातच गोल फिरतात आणि मेमध्ये झाड मान टाकतं.

तेव्हापासून आम्ही खड्डा आधी पाण्याने भरून बघतो. सकाळी पाणी तिथेच असेल तर तिथे झाड लावायचं नाही, किंवा मग पहारीने तळ फोडायचा आणि उताराच्या दिशेने चर काढायचा. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करायचा आणि निघालेला मुरूम फेकून न देता मातीत कालवून परत भरायचा. रोप जमिनीच्या थोडं वर, उंचवट्यावर बसवायचं. पाचट मात्र मी सढळ हाताने पसरते. उसाच्या मुलखात राहून ते वापरलं नाही तर कसं? उन्हाळ्यात ओल टिकते. खोडाला चिकटवून ठेवलं तर वाळवी लागते, हेही एका कांचनाने शिकवलं.

अनंताचं दुखणं मामांनाही पटकन कळलं नाही. पाणी ठीक, तळ फोडलेला, तरी नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. तो मी भिंतीला लागून लावला होता, जिथे सिमेंटचा चुरा पुरलेला होता. अनंताला आम्लधर्मी माती हवी. सिमेंट आणि चुन्याने माती अल्कधर्मी झाली की तिच्यातलं लोह त्याला घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रातून आणलेलं लोहाचं खत मी किती दिवस फवारत होते! फवारलं की महिनाभर हिरवा, परत पिवळा. उचलून मोठ्या कुंडीत नव्या मातीत लावला, तेव्हा शांत झाला.

हे सगळं आधी विचारता आलं असतं. शिवाजी विद्यापीठ आमच्या घराला जवळ. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागातले प्रा. श्री. रा. यादव आणि म. म. सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ विद्यापीठाने २००२ मध्येच काढलेला. म्हणजे मी यादी करत होते तेव्हा आमच्या जिल्ह्यात काय उगवतं याची यादी छापून तयार होती. मी बघितला तो बंगला.

घाणेरीबद्दल आत्या मला आजही सोडत नाहीत. नर्सरीत पिवळ्या-गुलाबी फुलांची बुटकी झुडपं बघितली. पाटीवर 'लँटाना' लिहिलेलं. बारमाही फुलं, पाणी कमी, फुलपाखरं येतात, म्हणून फाटकापाशी रांगेने लावली. आत्या संध्याकाळी बाहेर आल्या, पान चुरून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, ही तर घाणेरी! डोंगरावर फुकट हाय, आन् तू पैसं दिलंस?" वास घेतल्यावर मलाही पटलं. ही दक्षिण अमेरिकेकडची वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या बागेत शोभेसाठीच आणली गेली. तिथून पक्ष्यांनी फळं खाऊन बिया पसरवल्या आणि आता सह्याद्रीत तिच्या जाळ्या माजल्या आहेत. बाजारातल्या काही नव्या जातींना बी धरत नाही म्हणतात. आमच्या झुडपांना हिरवी आणि मग काळी फळं लागली, तेव्हा मी ती काढून टाकली.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, मीच फाटकाजवळ लावली होती, रोजच्या फुलांसाठी. आम्ही लहानपणी तिच्या बियांनी खेळायचो, त्यामुळे त्यात काही वावगं वाटलं नाही. शेजारच्या घरातलं रांगतं मूल एक दिवस तिच्या फळाशी खेळताना दिसलं आणि पोटात गोळा आला. तिचा प्रत्येक भाग विषारी, बी तर फारच. ते विष हृदयावर काम करतं. मुलाने तोंडात घातलं नव्हतं. झाड त्याच दिवशी काढलं. त्या जागी आता तगर आहे.

फायकसने आम्हाला सगळ्यात महागात पाडलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंचे ते हिरवे गोल माझा अभिमान होते. दर पंधरवड्याला कातरी चालायची. त्यांच्यापासून सहा फुटांवर जमिनीत पाण्याचा हौद. नळाला रोज पाणी नसायचं, म्हणून हौद मोठा बांधलेला. काही वर्षांनी पाणी पुरेना. गळती शोधली, नळ बदलले, नगरपालिकेच्या दाबाला शिव्या घातल्या (महानगरपालिका झाल्याला किती वर्षं झाली, पण तोंडात अजून नगरपालिकाच). अखेर प्लंबरने झाकण काढून बॅटरी मारली आणि मला बोलावलं. एका कोपऱ्यातून तांबूस, बारीक मुळांचा जुडगा पाण्यात उतरलेला, चांगला हातभर.

मुळं धड काँक्रीट फोडत नाहीत. बारीक चीर असते, तिथून ओल झिरपते, त्या ओलीच्या मागे केसाएवढं मूळ आत शिरतं आणि मग आत जाड होतं. चीर रुंदावण्याचं काम त्यानंतरचं. वरचा गोल मी कातरून आखून दिला होता, खालचा कुणीच आखलेला नव्हता. वड-पिंपळाच्या जातीचं झाड कुंडीत फार शोभतं, पण ते वड-पिंपळाच्या जातीचंच असतं. भारतातल्या जंगलात हाच फायकस मोठा वृक्ष होतो. कापला तर बुंध्यातून परत फुटला. शेवटी बुंधा, मुळं सगळं खणून काढलं, हौद रिकामा करून आतून नवं प्लास्टर केलं. त्या खर्चात घराला बाहेरून रंग झाला असता.

टाऊन हॉलच्या बागेत मी शाळेची सहल घेऊन कितीदा गेले असेन. तिथली म्हातारी झाडं मुलांना दाखवायची, बुंध्याला कवेत घ्यायला लावायची. नर्सरीला जाण्याआधी एकदा स्वतःसाठी तिथे जाऊन, कुठलं झाड किती जागा खातं हे पावलांनी मोजावं, असं कधी सुचलं नाही. आता मोजते. पावलांनीच.

एक चूक मात्र माझ्या बागेपुरती राहिली नाही. माझी बहीण, अक्का, रमणमळ्यात राहते. तिला सोनचाफा हवा होता. माझा सोनचाफा बियांपासूनचा, स्वस्तात घेतलेला, आणि बियांपासूनच्याला फुलायला सात-आठ वर्षं सहज लागतात, हे घेताना कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. म्हणून तिच्यासाठी कोकणातून कलम आणलं. कलमाला पहिल्याच वर्षी फुलं आली. अक्का रोज फोन करून सांगायची आणि मी माझ्या नुसत्या पानांकडे बघत बसायचे.

लावण्याआधी तिने एकदा विचारलं होतं, "२००५ ला पाणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं, चाफ्याला चालेल का ग?" मी म्हटलं, "तसला पूर रोज येतोय होय!"

ऑगस्ट २०१९ मध्ये आला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. अक्का आमच्याकडे राहायला आली. घरी परत गेली तेव्हा गाळ आणि वास. सोनचाफा उभा होता, पानं हिरवी. मी मोठ्या मनाने पाइपने पानं धुतली आणि वर बुंध्यालाही पाणी घातलं. तो महिनाभरात वाळला. सोनचाफ्याला मुळाशी तुंबलेलं पाणी अजिबात सोसत नाही. त्याची मुळं पुरातच मेली होती, पानांना फक्त बातमी उशिरा कळली.

त्या जागी काय लावायचं, हे ठरवताना मी पहिल्यांदा उलट्या बाजूने विचार केला. फूल कुठलं हवं हे नंतर. आठवडाभर पाण्यात उभं राहणारं झाड कुठलं? ओढ्याकाठी, नदीकाठी वाढणारं. ताम्हण. महाराष्ट्राचं राज्यफूल म्हणून त्याचं नाव मी शाळेत घोकून घेतलं होतं, अंगणात लावायचं झाड म्हणून कधी विचार केला नव्हता. अक्का म्हणाली, "तुझं ऐकून एक बुडवलंय मी." तरी लावलं. जुलै २०२१ मध्ये पाणी २०१९ पेक्षाही वर चढलं, रोप पूर्ण बुडालं. गाळ वाळल्यावर काळ्या काडीला खालून फुटवे आले. आता ते छतापर्यंत गेलंय आणि एप्रिल-मे मध्ये जांभळ्या तुऱ्यांनी भरतं. हिवाळ्यात सगळी पानं गाळून उघडं होतं, तेव्हा अक्काचा फोन येतो की मेलं की काय. ते दर वर्षी होतं, हे मी तिला दर वर्षी सांगते.

गुलमोहर राहिला. तो मादागास्करचा, वाढायला भराभर, मुळं वरवर पसरणारी, लाकूड ठिसूळ. यातलं काहीही मला लावताना माहीत नव्हतं. भिंतीपासून चार फुटांवर लावला. पेव्हिंग ब्लॉक उचलले गेले, भिंतीला तडा गेला. आणि आपल्याकडचा वळीव! दुपारभर उकडतं, संध्याकाळी आभाळ काळं होतं, धूळ उडते आणि पाऊस यायच्या आधी वारा येतो. नेमका तेव्हाच गुलमोहर फुलांनी जड झालेला असतो. एका वळवात मोठी फांदी विजेच्या तारेवर पडली आणि गल्ली रात्रभर अंधारात बसली.

कापायचा ठरवला. आपल्या आवारातलं, आपणच लावलेलं झाडसुद्धा शहरात वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७५ चा कायदा आहे. अर्ज लिहायला बसले. तो एप्रिलचा शेवट होता. साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिवस साजरा करतात आणि इथे मी त्याच्या तोडीची कारणं लिहीत होते, हा विचार मनात आलाच. आत्या खिडकीतून म्हणाल्या, "देवाला चालत न्हाई म्हणून काय झालं, बघायला चालतंय की." मग अर्ज फांद्या कमी करण्यापुरता लिहिला. आता फेब्रुवारीत, वळवाच्या आधी, तारेकडची बाजू हलकी करून घेते. भिंतीचा तडा बुजवलाय, परत पडेल.

पलीकडच्या प्लॉटवर पाया खणतायत. तिथल्या वहिनी परवा आल्या होत्या, झाडाखाली उगवलेलं गुलमोहराचं एखादं रोप मिळेल का विचारायला. रोपं होती. मी त्यांना आधी नकाशा आणायला सांगितला आणि हौद कुठे येणार ते विचारलं. त्या म्हणाल्या, "हौद? तो अजून ठरलाच नाही." मग म्हटलं, पावसाळा आहेच की, आधी ते ठरवा.